आगगाडी रुळांवर राहते कशी?

(द्वितीय वर्ष, कला)

आगगाडीचे चाक रुळावरून का घसरत नाही, हा प्रश्न मी गेल्या दिवाळीपासून भेटेल त्याला विचारीत आले आहे. वर्गातील मैत्रिणींना विचारला, लोकलच्या डब्यात शेजारी बसणाऱ्या मावशींना विचारला, आपल्या महाविद्यालयातील दोन प्राध्यापकांनाही धीर करून विचारला. (त्यांची नावे सांगत नाही.) उत्तर सगळ्यांचे एकच आले: चाकाला आतल्या बाजूने कड असते, ती रुळाला अडते, म्हणून चाक खाली उतरत नाही. मीही हेच उत्तर दिले असते. दिले असते कशाला, दिलेच होते. आणि तेही ज्याच्यासमोर देऊ नये अशा माणसासमोर.

माझे वडील रेल्वेत आहेत. रेल्वेत म्हणजे इंजिनात नव्हे आणि तिकीट खिडकीतही नव्हे. हातोडा, पाना आणि झेंडे घेऊन कर्जतच्या बाजूला रोज ठरलेल्या मैलांची चाल करायची आणि रूळ पाहत जायचे, हे त्यांचे काम. कागदोपत्री त्या पदाचे नाव आता बदलले आहे, पण आमच्या वस्तीत अजून गँगमनच म्हणतात. दिवाळीच्या सुट्टीत धाकटा भाऊ आगगाडीचे चित्र काढीत होता. त्याने हा प्रश्न विचारला आणि घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच मी, मोठ्या ऐटीत वरचे उत्तर देऊन मोकळी झाले. बाबा जेवत होते. घास तसाच हातात धरून ते म्हणाले, "अगं, ती कड रुळाला घासत राहिली असती तर आम्हाला रोज नवा रूळ टाकावा लागला असता."

मला ते पटले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला फलाटाच्या टोकाशी उभे केले आणि समोरचा रूळ दाखवला. "आधी वरून बघ. मग आतल्या अंगानं बघ." रुळाच्या माथ्यावर आरशासारखा चकचकीत पट्टा होता. जेथे चाकाची कड लागायला हवी, ती आतली उभी बाजू मात्र तांबूस, गंजलेली होती. बाबा म्हणाले, "घासतं तिथं गंज राहतो का?"

वाचकांनीही हे जरूर पाहावे. फक्त फलाटावरून पाहावे, रुळांत उतरून नव्हे. सरळ मार्गावरचा गंजलेला रूळ हा आपल्या सर्वांच्या उत्तराविरुद्धचा पुरावा आहे. कड रुळाला टेकतच नाही. मग चाक कशाच्या आधाराने रुळावर राहते? बाबांना विचारले तर म्हणाले, "चाक सपाट नसतं, उतरतं कापलेलं असतं. का ते मला नाही सांगता यायचं, ते तू पुस्तकात बघ." दहावीनंतर 'शास्त्र आपले काम नव्हे' असे म्हणून कला शाखेत आलेल्या मला ग्रंथालयातील शास्त्राच्या कपाटाकडे जाण्याची वेळ अशी आली. पुढे जे लिहिले आहे ते त्या वाचनातून, शेजारच्या मुलाने दिलेल्या अभियांत्रिकीच्या पुस्तकातून आणि बाबांच्या बोलण्यातून जमवलेले आहे.

प्रथम बैलगाडीचे चाक डोळ्यांसमोर आणावे. बैलगाडीची दोन चाके आसाच्या दोन टोकांना असतात, पण ती आसाभोवती मोकळी फिरतात. गाडी उजवीकडे वळली की डावे चाक जास्त फिरते आणि उजवे कमी. कोणाचे कोणावाचून अडत नाही. मोटारीत आणि ट्रॅक्टरमध्ये हेच काम दातेरी चाकांची एक खास पेटी करते. आगगाडीत असे काहीच नाही. तिची दोन चाके पोलादी आसावर प्रचंड दाबाने घट्ट बसवलेली असतात. आस आणि चाके मिळून एकच वस्तू होते. डावे चाक एक फेरा फिरले की उजवेही नेमका एकच फेरा फिरणार. अर्धा कमी नाही की अर्धा जास्त नाही.

सरळ मार्गावर याने काही बिघडत नाही. पंचाईत वळणावर होते. आपल्या क्रीडामहोत्सवात ४०० मीटरच्या शर्यतीला बाहेरच्या पट्ट्यातील मुलीला पुढे उभे करतात, कारण वळणावर तिला जास्त धावावे लागते. वळणावरील दोन रुळांचेही तसेच आहे. आपल्या मोठ्या गेजमध्ये दोन रुळांच्या आतल्या कडांमध्ये १६७६ मिलिमीटर अंतर असते. चाके रुळांच्या माथ्यावर टेकतात, तेव्हा टेकण्याच्या दोन जागांमधील अंतर सुमारे पावणेदोन मीटर धरावे. आता गाडी काटकोनात वळली, म्हणजे उत्तरेकडे जात होती ती पूर्वेकडे निघाली, तर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा सुमारे पावणेतीन मीटर जास्त चालावे लागते. वळण मोठे असो की लहान, हा फरक तेवढाच राहतो. (मला हे खरे वाटेना. मी दोन वेगवेगळी वर्तुळे काढून हिशेब केला, तेव्हा पटले.) डब्याच्या नव्या चाकाचा व्यास ९१५ मिलिमीटर असतो, म्हणजे त्याचा घेर जवळजवळ २ मीटर ८७ सेंटिमीटर. थोडक्यात, गाडी काटकोनात वळेपर्यंत बाहेरच्या चाकाने आतल्यापेक्षा जवळजवळ एक आख्खा फेरा अधिक मारायला हवा. आणि दोघेही एकाच आसाला जखडलेले. चाके सपाट असती तर त्यांतील एकाला तेवढे अंतर फरफटत जाण्यावाचून इलाज नव्हता. पोलादावर पोलाद फरफटणे म्हणजे काय, याची कल्पना विळीला धार लावताना येणाऱ्या आवाजावरून करावी.

या अडचणीवरचा तोडगा चाकाच्या आकारातच आहे. त्यासाठी एक प्रयोग सांगते. चहाच्या टपरीवरून कागदाचे दोन सारखे पेले आणावेत. तोंडाला तोंड लावून ते चिकटपट्टीने जोडावेत. दोन लाकडी फूटपट्ट्या समांतर ठेवून त्यांचे एक टोक पुस्तकांच्या चळतीवर टेकवावे, म्हणजे उताराचे रूळ तयार होतील. त्यावर पेल्यांची जोडी आडवी सोडावी. सोडताना ती जरा वाकडी ठेवली तरी खाली जाता जाता ती आपोआप मध्यावर येते आणि सरळ जाते. आता चिकटपट्टी काढून पेले बुडाला बूड लावून जोडावेत. ही जोडी मध्ये बारीक आणि टोकांना जाड होते. ती चार बोटेही धड जात नाही, एका बाजूला कलते आणि पडते. मी पहिल्यांदा चुकून बुडे जोडली होती. पेले सारखे पडताना पाहून आईने विचारले, "कॉलेजात हेच शिकवतात का?"

आगगाडीच्या चाकांची जोडी पहिल्या जोडीसारखी असते. चाकाचा जो भाग रुळावर टेकतो तो सपाट नसून कडेजवळ किंचित मोठा आणि बाहेरच्या अंगाला किंचित लहान असतो. हा उतार फार थोडा; मूळ प्रमाण वीसास एक, म्हणजे २० मिलिमीटर बाहेर गेले की चाकाची त्रिज्या १ मिलिमीटरने कमी होते. (अलीकडे आपल्याकडे चाके अगदी सरळ उताराची न कापता थोडी वक्र कापतात, कारण वापराने झिजून चाकाला जो आकार येतो तोच आधीपासून दिला तर तो जास्त टिकतो. मूळ कल्पना मात्र तीच.) चाक उतरते, म्हणून रूळही ताठ उभा करीत नाहीत, तो आतल्या बाजूला तेवढाच, वीसास एक, झुकवलेला असतो. सिमेंटच्या स्लीपरवर रूळ बसण्याची जी जागा असते ती ओततानाच तशी तिरकी ओततात. बाबांना हे पाठ होते. चाक उतरते का असते हे मात्र तोवर त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि त्यांनी कोणाला विचारलेही नव्हते.

आता सरळ मार्गावर काय होते ते पाहू. समजा, काही धक्का बसून चाकांची जोडी डावीकडे सरकली. डाव्या चाकाची कड रुळाच्या जवळ आली, म्हणजे डावे चाक आता आपल्या मोठ्या भागावर चालू लागले. उजवे चाक त्याच वेळी आपल्या लहान भागावर आले. दोघांचे फेरे सारखे, पण एका फेऱ्यात डावे जास्त अंतर कापते आणि उजवे कमी. परिणामी डावी बाजू पुढे जाते, उजवी मागे राहते, आणि सगळी जोडी उजवीकडे तोंड करून मध्याकडे परतते. हे कोणी घडवून आणावे लागत नाही. चालकाच्या हाती सुकाणू नसते, हे आपण जाणतोच. गाडीला वळवण्याचे काम तिची चाके स्वतःच करीत असतात.

वळणावरही हीच युक्ती उपयोगी पडते. डावे वळण आले की चाकांची जोडी सरळ जाऊ पाहते, त्यामुळे ती आपोआप बाहेरच्या, म्हणजे उजव्या रुळाकडे सरकते. उजवे चाक मोठ्या भागावर येते, डावे लहान भागावर. ज्या चाकाला जास्त चालायचे आहे तेच मोठे होते! शर्यतीत बाहेरच्या पट्ट्यातील मुलीचे पाय ऐनवेळी लांब व्हावेत, तसे हे झाले.

किती मोठे होते, याचा हिशेब ज्यांना गणिताचा कंटाळा नाही त्यांच्यासाठी देते. इतरांनी हा परिच्छेद ओलांडला तरी चालेल. एक किलोमीटर त्रिज्येचे वळण घ्या. त्यावर एका फेऱ्यात बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा ५ मिलिमीटर जास्त जावे लागते. दोन्ही चाकांच्या व्यासांत सुमारे १.६ मिलिमीटरचा फरक पडला की एवढे साधते. वीसास एक उताराने तो फरक मिळवायला चाकांची जोडी मध्यापासून फक्त ८ मिलिमीटर सरकावी लागते. आपल्या करंगळीच्या नखाची रुंदी जवळपास तेवढीच असेल. त्यावर शेकडो टनांची गाडी वळते. हा हिशेब सुट्या आसाचा आहे. प्रत्यक्षात बोगीच्या चौकटीत दोन आस बसवलेले असतात, त्यामुळे त्यांना इतके मोकळेपणाने वळता येत नाही आणि थोडे घसटणे होतेच.

येथे कडेचा संबंध येतो. चाकांची जोडी रुळांमध्ये अगदी घट्ट बसवलेली नसते. नव्या जोडीला दोन्ही बाजूंची मिळून सुमारे १९ मिलिमीटर मोकळीक असते, म्हणजे मध्यापासून प्रत्येक बाजूला साडेनऊ. एक किलोमीटरच्या वळणाला ८ मिलिमीटर पुरतात. तेव्हा कड रुळाला न लागता गाडी वळून जाते. वळण त्याहून बरेच तीव्र झाले की साडेनऊ मिलिमीटर अपुरे पडतात. मग मात्र कड बाहेरच्या रुळाला भिडते आणि चाक ओरडू लागते.

आमच्याकडे हे ओरडणे ऐकायला लांब जावे लागत नाही. कर्जतवरून खंडाळ्याकडे चढणारा बोरघाटाचा मार्ग १८६३ साली सुरू झाला. सदतिसास एक अशा चढाने आणि वळणावळणांनी तो डोंगर चढतो. म्हणूनच कर्जतला गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. घाटातील वळणांवर बाहेरच्या रुळाची आतली बाजू पाहिली तर तेथे गंज नाही. ती घासून चकचकीत झालेली असते. अशा जागी रुळाला ग्रीस लावतात. आणि नेरळहून माथेरानला जाणाऱ्या छोट्या गाडीत जे बसले असतील त्यांना वेगळे सांगायला नकोच. १९०७ साली सुरू झालेल्या या मार्गाचे गेज अवघे ६१० मिलिमीटर, आणि वळणे अशी की खिडकीतून आपल्याच गाडीचे इंजिन दिसावे. तेथे चाकांच्या उताराने काय होणार! गाडी मुंगीच्या पावलाने आणि कर्कश आवाज करीत वळते. या मार्गासाठी जर्मनीहून आणलेल्या पहिल्या वाफेच्या इंजिनांच्या टोकाच्या चाकांची रचनाच अशी केली होती, की वळणावर ती चाके किंचित तिरकी होऊन सरकू शकत.

वळणाबद्दलची एक सार्वत्रिक गल्लत येथेच दूर केलेली बरी. वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच ठेवतात, हे अनेकांना ठाऊक असते, आणि गाडी त्यामुळेच वळते असे त्यांना वाटते. (दोनपैकी एका प्राध्यापकांनी मला हेच सांगितले.) त्या उंचीचे काम वेगळे आहे. वळताना गाडीतील प्रत्येक वस्तू बाहेर फेकली जाऊ पाहते, रस्त्यावर एस.टी. जोरात वळली की आपण शेजाऱ्याच्या अंगावर जातो, तसे. बाहेरचा रूळ उंच केला की गाडी आत झुकते आणि हा बाहेरचा रेटा तोलला जातो. एक किलोमीटरच्या वळणावर ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीचा रेटा पुरता तोलायला बाहेरचा रूळ ७१ मिलिमीटर उंच हवा. त्याच वळणावरून मालगाडी सावकाश गेली तर तिला तीच उंची जास्त होते आणि ती आतल्या रुळावर रेलते. एकाच मार्गावरून दोघींना जायचे असते, म्हणून मधली उंची धरावी लागते. चाकांच्या फेऱ्यांचा प्रश्न या उंचीने सुटत नाही, तो चाकाच्या उतारानेच सुटतो.

इतके वाचून झाल्यावर मला वाटले, हे फारच सोयीचे आहे. यात काहीतरी खोट असली पाहिजे. ती निघालीच. डावीकडे सरकलेली जोडी मध्याकडे परत येते खरी, पण मध्यावर पोचते तेव्हा तिचे तोंड अजून उजवीकडे असते. ती मध्यावर थांबत नाही, पुढे उजवीकडे जाते. तेथून पुन्हा डावीकडे वळते. झोका मध्यावर येऊन थांबत नाही, त्यातला प्रकार. म्हणजे सरळ रुळांवरही चाके खरोखर सरळ चालत नाहीत. सापासारखी नागमोडी चालतात. या नागमोडीचे गणित क्लिंगेल या जर्मन अभियंत्याने १८८३ साली मांडले. उतरती चाके त्याच्या कितीतरी आधीपासून वापरात होती; कारागिरांच्या हाताला जे सापडले होते त्याचा हिशेब मागाहून आला. क्लिंगेलचे सूत्र आपल्या मोठ्या गेजच्या नव्या चाकाला लावले तर एक पूर्ण नागमोड सुमारे १८ मीटरची येते. ताशी ७२ किलोमीटर वेगाला सेकंदाला एकाहून थोडी जास्त.

गाडी हळू असते तोवर ही नागमोड सौम्य असते आणि स्प्रिंगा ती जिरवतात. वेग वाढला की ती वाढते, आणि एका वेगानंतर आपली आपणच फोफावत जाते. डबा डावी-उजवीकडे हिसके देऊ लागतो आणि कडा आळीपाळीने दोन्ही रुळांवर आदळू लागतात. इंग्रज लोक याला 'हंटिंग', म्हणजे शिकार, म्हणतात. चाक जणू आपली वाट हुंगत शोधते आहे. चाक जितके झिजून पोकळ होते तितका त्याचा उतार प्रत्यक्षात वाढतो आणि ही खोड बळावते. म्हणून चाके ठराविक काळाने लेथवर चढवून पुन्हा आकारात कापून घेतात.

या दुखण्यावर खरे काम जपानात झाले. दुसऱ्या महायुद्धात मात्सुदाइरा तादाशी हे अभियंते नौदलाच्या विमानांच्या थरथरण्याचा अभ्यास करीत होते. युद्ध संपले, विमाने बंद झाली, ते रेल्वेच्या संशोधन संस्थेत आले. विमानाचे पंख विशिष्ट वेगानंतर आपोआप फडफडू लागतात. गाडीची चाकेही तसेच करतात, दोष रुळांच्या वेडेवाकडेपणात असेलच असे नाही, हे त्यांनी दाखवून दिले. १९६४ साली तोक्यो आणि ओसाका यांच्या दरम्यान शिंकान्सेन धावू लागली, तेव्हा तिच्या चाकांचा उतार चाळिसास एक, म्हणजे नेहमीच्या निम्माच ठेवला होता. उतार कमी, म्हणून नागमोड लांब आणि सुस्त. त्याची किंमत वळणावर द्यावी लागते: उतार कमी असेल तर चाकाला जास्त सरकावे लागते, आणि मोकळीक तर ठरलेली. म्हणून अशा गाडीच्या मार्गावर वळणे फार मोठ्या त्रिज्येची ठेवावी लागतात. घाट चढायचा तर जास्त उतार हवा आणि पळायचे तर कमी. दोन्ही एकदम मिळत नाही.

मग उतार मुळीच ठेवला नाही तर? हा वेडगळ प्रश्न मी वहीत लिहून ठेवला होता, आणि कोणीतरी तो खरोखरच करून पाहिला आहे हे वाचून चकित झाले. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात 'बार्ट' नावाची विजेची रेल्वे १९७२ साली सुरू झाली. (अमेरिकेतील नेहमीचे गेज १४३५ मिलिमीटर, पण हिचे गेज नेमके आपले, १६७६ मिलिमीटर!) तिची चाके सपाट, नळकांड्यासारखी ठेवली होती. नागमोडीचा प्रश्न मिटला; वळणावर मात्र चाके इतकी किंचाळत की तेथील प्रवाशांत ही गाडी तिच्या आवाजासाठीच प्रसिद्ध झाली, आणि रूळही झिजले. कित्येक वर्षांनी, अलीकडे, तेथे उतरत्या आकाराची चाके बसवायला सुरुवात झाली आणि आवाज कमी झाला. हे बाबांना सांगितले तेव्हा ते जेवढे हसले तेवढे मी त्यांना एरवी हसताना पाहिलेले नाही. "पन्नास वर्षं ग्रीस लावत बसले असतील बिचारे," ते म्हणाले.

मग कड काहीच करीत नाही की काय? तसे समजणेही चुकीचेच. तीव्र वळणावर ती भिडते हे आलेच. तिचे दुसरे ठिकाण म्हणजे सांधा. एक मार्ग दुसऱ्याला छेदतो तेथे चाकाची कड पलीकडे जावी म्हणून रूळ मध्येच तोडलेला असतो. त्या खाचेवरून जाताना चाक क्षणभर भलत्याच वाटेला लागू शकते. म्हणून समोरच्या रुळाच्या आतल्या बाजूला एक जादा रूळ ठोकलेला असतो. तो समोरच्या चाकाची कड पाठीमागून धरून ठेवतो आणि एका आसावर असल्यामुळे हे चाकही वाटेवर राहते. स्टेशनाबाहेर गाडी सांध्यांवरून जाताना जो खडखडाट होतो, त्या वेळी कडा खरोखर कामावर असतात. एरवी त्या, आमच्या शेजारच्या काकांच्या भाषेत सांगायचे तर, 'स्टँडबाय ड्यूटी'वर.

कडेवर भरवसा ठेवून चालत नाही, याला आणखी एक कारण आहे. बाजूचा रेटा वाढला आणि चाकावरचा भार कमी झाला, तर फिरणारी कड रुळाच्या अंगावर पकड घेऊन वर चढू लागते. चाक माथ्यावर आले की पलीकडे उतरायला वेळ लागत नाही. मालगाडीच्या रिकाम्या वाघिणी भरलेल्यांपेक्षा यात जास्त सापडतात, कारण त्यांना खाली दाबून धरणारे वजनच नसते. रुळाखालची खडी एका जागी खचली, दोनपैकी एक रूळ तेवढ्यापुरता खाली गेला, की एक चाक हलके होते. तेथेच वळण असेल तर बाजूचा रेटाही असतो. दोन रुळांतील अंतर वाढले तर चाकाची मोकळीक वाढते, नागमोड ऐसपैस होते. फारच वाढले तर चाक आत पडते. कमी झाले तर कड सतत घासते. वर मी जो ८ आणि साडेनऊ मिलिमीटरचा हिशेब मांडला, तो रूळ जागच्या जागी आहेत असे धरून मांडला. ते तसे आहेत की नाहीत, हे पाहायला माणूस चालत जावा लागतो.

बाबांच्या टोळीत एक लोखंडी पट्टी असते. ती दोन रुळांवर आडवी टाकली की अंतर कळते, आणि तिच्यावरच्या पाणसळीने एक रूळ दुसऱ्याहून किती वरखाली आहे तेही कळते. लहानपणी मी बाबांचा डबा घेऊन जात असे तेव्हा ती पट्टी टाकताना, आकडा खडूने रुळावर लिहिताना त्यांना अनेकदा पाहिले आहे. तेव्हा ते रुळावर काय लिहितात, हे विचारण्याचे माझ्या कधी मनात आले नाही.

हा लेख लिहून झाल्यावर पेल्यांचा प्रयोग मी त्यांना करून दाखवला. पहिल्या खेपेला तोंडे जोडलेले पेलेही पट्ट्यांवरून घसरले. मी चिकटपट्टी तपासू लागले. बाबा पेल्यांकडे पाहतच नव्हते. ते वाकले, दोन पट्ट्यांमधले अंतर वरच्या टोकाला बोटांनी मोजले, मग खालच्या टोकाला मोजले, आणि म्हणाले, "इथं गेज सुटलंय." खालच्या टोकाशी पट्टी त्यांनी अर्ध्या बोटाने आत घेतली. पेले सोडले ते सरळ खाली गेले.